पाव मिलिमीटर

तराजूच्या खोलीत, सरकीच्या पोत्यावर रुमाल अंथरून
त्यानं दोन घड्याळं ठेवली.
नागपूरहून आला होता पोरगा, नाव कुशल,
हातमोजे घालून बोलत होता.

दोन्ही स्विस, पोलादी, एकाच सालची.
मी एकोणीसचा होतो तेव्हा
प्रेस बसवायला आलेल्या दस्तूरसाहेबांच्या मनगटावर
असलंच पाहिलं होतं.
ते पाना मागायचे
अन् मी मनगटच पाहत राहायचो.

एक लखलखीत.
दुसऱ्यावर ओरखडेच ओरखडे,
जसा कुणी ते घालून बोरीच्या झुडपात हात घातला.
ओरखडेवालं अठरा हजारांनी महाग.

"काहून?" रत्नमाला म्हणाली,
"खरचटलं त्याचे जास्त पैसे?
मंग माह्या हाताचे कोन देते?"
आणि दोन्ही पंजे पुढं केले,
पऱ्हाटी वेचून वेचून चिरलेले.

पोरगा हसला. याला कुणी हात लावला नाही, काका.
केसला पॉलिश नाही. ओरिजनल आहे.

मी खिशातून मायक्रोमीटर काढला.
तो दचकला.
म्हटलं, भिऊ नको बापा,
अडतीस वर्षं झाली हिंगणघाटच्या जिनात लेथवर,
मोजल्याशिवाय मी जावईही केला नाही.

पट्टा धरणारे चार कान असतात घड्याळाला.
खरचटलेल्याचे चारही सारखे,
कंगोरा असा की नख अडावं.
चमकणाऱ्याचे उजवे दोन बरे,
डावे दोन पाव मिलिमीटरनं कमी,
कडा चोखलेल्या गोळीसारख्या.
पाठीवर कुणाचं तरी नाव कोरलं होतं.
त्यातली एक वेलांटी उरली होती.

नत्थूजी उस्ताद सांगायचे,
लोखंड काढता येते, लावता येत नाही.
शेवटचा कट घ्यायच्या आधी
मशीन बंद कर, चहा पिऊन ये.
हा पॉलिशवाला चहाला गेला नव्हता.

डावेच कान का झिजले, तेही कळलं मला.
बफ फिरतो तेव्हा हातातलं काम ओढून घेतो.
माणूस थकला की एका अंगावर जातो,
अंगठा नको तिथं दाबतो.
संध्याकाळ असेल.
दिवसातलं बारावं-तेरावं घड्याळ असेल.
मालक मागून म्हणत असेल, चमक पाहिजे, चमक.

मीही एक शाफ्ट असाच जास्त खाल्ला होता,
सत्त्याण्णव साली, दिवाळीच्या आदल्या दिवशी.
कुणाला बोललो नाही.
अजून फिरतो तो, दोन नंबरच्या मशीनमध्ये.
थोडा गुणगुणतो.
लोक म्हणतात, जुनी मशीन आहे, चालायचंच.

वेळ विचाराल तर दोन्हीत एकच होती,
दोन वाजून दहा.
फरक पडतो का विचाराल तर पडतो.
पाव मिलिमीटर पडतो,
आणि एक अख्खं नाव,
जे बफच्या काळ्या भुकटीत मिसळून
कुण्या दुकानाबाहेर झाडून टाकलं गेलं.

घेतलं मी चमकणारंच.
रत्नमालेला वाटलं, अठरा हजार वाचवले.
पोराला वाटलं, म्हाताऱ्यानं मोजलं खरं,
पण समजलं काही नाही.
दोघांनाही मी तसंच वाटू दिलं.

लेथवर घड्याळ घालत नाहीत.
अंगठी नाही, ढिली बाही नाही.
म्हणून ते दिवसभर खिळ्यावर असतं,
शर्टाच्या खिशात, डब्याच्या पिशवीशेजारी,
आणि वेळ मी भोंग्यावरच पाहतो, पहिल्यासारखी.

सुटी झाली की काढतो.
त्यावर रुईची बारीक लव बसलेली असते.
पुसतो, मऊ कापडानं, हळू.
पुसणं म्हणजेही थोडं घासणंच.
डाव्या कानांकडं अंगठा नेत नाही.