दब्बु, जग्गु

आज तिसरीला बल शिकवायचं होतं.
पुस्तकातला मुलगा गाडा ढकलतोय, मुलगी दोरी ओढतेय,
दोघांचेही बूट चकचकीत.
मी पुस्तक मिटलं.
म्हटलं, उठा, कपाट हलवू.

बेळगुंदीच्या आमच्या शाळेत
पाचातल्या दोनच खोल्या उघडतात आता.
चौथीच्या बंद खोलीत लोखंडी कपाट,
आत तराजू, उसवलेले नकाशे,
आणि नाव काढून नेलेल्या पोरांची हजेरीबुकं.
ते ऑफिसात न्यायचं. सात पोरं आणि मी.

"हात लागल्याशिवाय जोर लागत नाही," मी म्हणाले,
"लांबून नुसतं बघून काही सरकत नाही."
भरमानं तरी डोळे वटारून बघितलं.
खात्री करून घेतली.

मग सगळ्यांनी खांदा दिला.
"ढकलालोय की ओ बाई, हेच हलंना!"
आणि सातेरी, घाम पुसत,
"कपाटच उलटं आम्हाला ढकलालंय."

मी थांबले.
हे वाक्य नववीच्या पुस्तकात येतं,
आणि तिथं ते इतकं सरळ लिहिलेलं नाही.
तळहात दाखवा म्हटलं.
चौदा तळहातांवर पत्र्याच्या कडेचे लाल वळ.
हे कुणी उठवले?
"कपाटानं."
मग कुणी कुणाला ढकललं?
कुणीच बोलेना. बाहेर
हापशाचा दांडा तेवढा करकरत होता.

सातेरीला रताळ्यातलं कळतं.
"वेल ओढला की माती पण आतनं ओढत्या, बाई.
सोडतच नाही लवकर."
ओढत नाही रे, धरून ठेवते, मी दुरुस्त केलं,
आणि माझंच मला कळेना
की या दोन्हीत फरक केवढा.
तो पळत घरी गेला, तरट घेऊन आला,
"पोतं ओढताना बाबा हेच घालतोय खाली."
खरखरीत फरशीला घर्षण म्हणतात
हे मी सांगेपर्यंत
तरट कपाटाखाली गेलंसुद्धा.

नीलव्वाची आई बैलहोंगलची, नाव आजीचं.
वर्गात ती फार बोलत नाही.
आज बोलली: "ढकलायचं म्हणजे दब्बु.
ओढायचं म्हणजे जग्गु. आमच्या आईचं."
झालं. पुढची तिघं जग्गु, मागची चौघं दब्बु,
दब्बु, जग्गु, दब्बु,
आणि कपाट खाकरत निघालं
दारातून, व्हरांड्यातून,
घंटेखालून वळण घेऊन.

मला गेल्या मंगळवारची बँक आठवली.
काचेचं दार मी ओढत उभी होते
आणि ते ढकलायचं होतं.
लिहिलेलं होतं समोरच, गोल, टपोऱ्या अक्षरांत.
बावीस वर्षांत मला एसटीची पाटी तेवढी वाचता येते.
मागच्या माणसानं खांद्यावरून हात लांब केला,
मला न लागता दार लोटलं,
काही बोलला नाही.
नीलव्वा, तेव्हा तू हवी होतीस.

चारला पिवळी व्हॅन आली, गेली.
खिडकीतून आरुष चौगुलेनं हात केला.
गेल्या वर्षी तो भरमाच्या बाकावर बसायचा.
"बाई, त्याला तर कुणी हात लावून नेलं नाही."
मी म्हटलं, ते पुढच्या वर्गात आहे.
पुढच्या वर्गात लोहचुंबक आहे, एवढंच.

आता पोरं गेलीत. वह्या तपासतेय.
ऑफिसच्या उंबऱ्यापाशी तरट सरकलं होतं,
तिथं फरशीवर दोन ओरखडे,
झाडूनही जात नाहीत.
भरमाची वही.
ढकलणे: कपाट, म्हैस, बँकेचं दार.
(हे मी कधी सांगितलं यांना?)
ओढणे: रताळं, कपाट, व्हॅन.

शेवटच्या शब्दावर लाल पेन टेकवलं
आणि तसंच धरलं.
शाई आपली आपण पसरत राहिली.