पायऱ्या किती

साडेसहाला छत्र्यांपाशी जमायचं ठरलं होतं.
सात वाजता आम्ही नऊ जण
आणि एक कुत्रं,
जे पैसे न भरता शेवटपर्यंत सोबत आलं.

गाइड नवा. लोकेश बिल्लोरे.
गळ्यात ओळखपत्र, कमरेला स्पीकर,
आणि स्पीकरला खोकला.
"इधर से देखिए," तो म्हणायचा,
आम्ही तिकडून बघायचो:
दगडातले शिपाई, दगडातल्या बायका,
एका वादकाच्या हातातलं वाद्य झिजून गेलेलं,
वाजवणं तेवढं उरलेलं.

पुलाखाली नदी.
आम्ही तिला खान म्हणत वाढलो,
पाटीवर आता कान्ह आहे.
पाण्याला अजून कोणी सांगितलेलं नसावं.
उज्जैनहून आलेल्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला,
फोटोपुरता काढला,
परत लावला.

हरसिद्धीच्या वाटेवर फुलवाली
झेंडूवर पाणी शिंपडत होती,
बाटलीतलं.
नदी तिच्या पाठीमागेच होती.

मग एका बोळातून खाली, घाटावर.
"सात सीढ़ियाँ," लोकेशने कागदात बघून सांगितलं.
"अकरा," बेहेरेबाई म्हणाल्या.
सकाळपासून पहिल्यांदाच बोलल्या त्या.
नऊवारी नाही, काही नाही;
सुती साडी आणि नातवाचे पांढरे बूट.

"चार खाली आहेत. गाळात.
नवव्या पायरीवर आमची शरयू घसरली होती.
दात तिथंच पडला.
दुधाचा होता, म्हणून कोणी शोधला नाही."

लोकेशने स्पीकर बंद केला.
वाकून बघितलं, जणू दिसेल.
"पक्का, आजी?"
"तुझ्या कागदावर सात आहेत ना?
मग सातच सांग. दिसतं तेही खोटं नसतं."

त्याचा दंड धरून त्या उतरल्या,
एक एक करत, सातवीपर्यंत.
बूट काढला.
आठवी जिथं असायला हवी होती
तिथं, काळ्या पाण्यावर वीतभर,
पाऊल धरून ठेवलं.
किती वेळ, ते मोजलं नाही.
कुत्रंसुद्धा बसून राहिलं.

त्यानंतरची दोन देवळं मला नीट आठवत नाहीत.
एकात घंटा फार खाली बांधली होती,
उज्जैनवाल्यांच्या डोक्याला लागली.

शेवटी पोहे. वाफेत तरंगणारी बडीशेप,
वर मूठभर शेव.
लोकेश बेहेरेबाईंच्या बाजूला येऊन उभा राहिला,
मराठीत शब्द जुळवत विचारलं,
शरयूताई आता कुठे असतात?

बाई गाड्यावाल्याकडे वळल्या.
"भिया," म्हणाल्या, "जिरावण डालना जरा.
और. और डालो."