मार्फत

हेडाऊ वकीलबाईंनी अर्जावर बोट ठेवलं.
इथं तुमचा पत्ता नको, माझा लिहा. मार्फत.
सदरमधलं त्यांचं ऑफिस, पहिला माळा,
खाली झेरॉक्स, बाजूला चष्म्याचं दुकान.
म्हणजे बावीस वर्षांनी
सख्ख्या भावाच्या कागदांत
मी चष्म्याच्या दुकानाशेजारी राहायला गेले.

आधारची प्रत दिली तीही झाकलेली.
आठ फुल्या, मग चार आकडे.
तेवढीच मी तुझी बहीण, केवल.

फोनही वेगळा. जुना, बटनांचा,
मेथीदाण्याच्या बरणीमागे ठेवते.
तारीख जवळ आली की चार्ज करते.

बाबांचा प्लॉट साडेआठशे फूट,
तांडापेठेत, मागमागाच्या खोलीसकट.
आखीव पत्रिकेवर अजून त्यांचंच नाव.
मला त्यातली वीटही नको होती.
पण नको म्हणायलाही सही लागते
आणि सही करणारीला राहायला कुठंतरी जागा.

मागच्या वेळी होता तुझ्याकडे पत्ता.
रात्री साडेअकराला तू फाटक हलवत राहिलास,
माझं नाव घेत, आईचं नाव घेत,
आणि शेजारचे दिवे एकेक करून लागत गेले.
सकाळी दूधवालासुद्धा माझ्याकडे बघेना.
त्याच दिवशी मी दुसरी खोली शोधायला निघाले.

नोंदणी कार्यालयात मे महिना.
कूलर वाऱ्यापेक्षा पाणीच जास्त फेकत होता.
बाबूनं पुकारा केला:
अनसूया लक्ष्मण पराते, वय एक्कावन्न, हजर आहे का?
बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.
एवढं झाकून काय उपयोग झाला?

तू जवळ आलास. केस सगळे गेलेले.
"कुठं राहून राह्यली तू आता?"
इथंच.
"इथंच म्हंजे?"
नागपुरातच.
"काकू तं म्हने वर्ध्याले गेली."
मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले.
वर्धा तसंच राहू दिलं.

तू लंगडत का चालतोस, विचारायचं होतं.
पोरीचं लग्न झालं का, तेही.
पण विचारलं की सांगावं लागतं.

हक्कसोडीवर अंगठा ठेवला.
यंत्रानं क्षणात ओळखलं.
त्याला मार्फत चालत नाही.

मग दस्ताची प्रत हातात आली.
तिसऱ्या पानावर तुझा पत्ता, पूर्ण.
घर क्रमांक, गल्ली, मारुतीच्या देवळामागे,
मोबाईल नंबर, आधारचे बाराच्या बारा आकडे.
तू काहीच झाकलं नव्हतंस.
तुला कुणाची भीती नाही म्हणून,
की कुणीतरी यावं म्हणून,
की तुला कुणी सांगितलंच नाही झाकायचं असतं ते?

पान घडी करून कपाटात ठेवलंय,
साड्यांच्या खाली.
बाईंना म्हटलं, याची प्रत कुणाला देऊ नका.
त्या म्हणाल्या, तुमची?
म्हटलं, त्याची.

संध्याकाळी कूलरमध्ये पाणी सोडलं होतं.
फोन वाजला, अनोळखी नंबर.
"ताई, सिलिंडर आणलंय. घर नेमकं कुठं?"
मी पाईप धरून उभी.
टाकी भरली, फरशीवर पाणी आलं,
पायाखाली आलं,
आणि तो बिचारा खाली रस्त्यावर
हॅलो, हॅलो करत राहिला.