तिसरी फळी

सौनात वरच्या बाकावर बसून
एन्सिओ म्हणाला, अजून एक ओगराळं पाणी टाक.
टाकलं. दगड फुत्कारले, माझे कान भाजले.
तो म्हणाला, अजून.
त्याच्या दंडावर काटा उभा होता.
मला तो दिसला,
आणि मी त्याला आधी म्हातारपण म्हटलं, मग नोव्हेंबर.

मी! जिच्याकडे सप्टेंबरात सगळं गाव
अळंब्यांच्या टोपल्या घेऊन येतं,
जी देठ चिरून, वास घेऊन, टोपीखालचे कल्ले बघून सांगते:
हे खा, हे पुरून टाका,
हे दोनदा उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका.

हेन्रीकाने, वॉर्डातल्या नर्सने,
पहिल्या सलाईनलाच बजावलं होतं.
हे औषध थेट गाठीवर वार करत नाही,
तुमच्याच अंगातल्या राखणदारांना मोकळं सोडतं.
मोकळा राखणदार कधी घरच्यांवरही धावतो,
आतड्यावर, फुप्फुसावर, कातडीवर, गळ्यातल्या ग्रंथीवर.
आठवड्याने, महिन्यांनी, औषध संपल्यावरसुद्धा.
नवं काहीही वाटलं तर फोन करा.
क्षुल्लक वाटलं तर आधी करा.
तिने दिलेलं कार्ड त्याने
मासेमारीच्या परवान्यामागे सरकवलं.

परतताना, कल्लावेसीच्या पुलावर, तो म्हणाला,
आपल्याला काही होत नाही.
एकेचाळीस वर्षं हेच ऐकतेय.
बोटीच्या इंजिनात करंगळीचं पेर गेलं
तेव्हाही, फडकं लालभडक: काही नाही.

मग रात्री सुरू झाल्या.
पलंगापासून संडासापर्यंत अकरा फळ्या,
त्यातली तिसरी कुरकुरते.
सोमवारी दोनदा. जाताना, येताना. म्हणजे एक फेरी,
ते त्याचं नेहमीचं.
बुधवारी बारा वेळा.
गुरुवारी तो तिसरी फळी ओलांडून जायला लागला.

मी अंधारात पडून
न वाजलेली फळी ऐकत राहिले.

सकाळी म्हणाला, राईची भाकरी शिळी होती.
हातात जुलाबाच्या जुन्या गोळ्यांचं पाकीट.
मी ते काढून घेतलं. आधी त्यांना विचारू.
तेव्हा त्याचा आवाज चढला, आमच्या घरात पहिल्यांदा:
सांगितलंस तर बंद करतील.
औषधच बंद करतील, कळतंय का तुला?

कळत होतं.
त्याच भीतीने माझीही दातखीळ बसली होती.

फोन मी लाकडांच्या खोपटातून केला,
पायात घाईने चढवलेले त्याचेच बूट.
हेन्रीका रागावली नाही. विचारत गेली.
नेहमीपेक्षा किती जास्त? रक्त पडतंय? पोटात कळ? ताप?
धाप, खोकला?
थंडी सोसते?
मी म्हटलं, त्याला सौनात थंडी वाजते.
पलीकडे पेन थांबलं.
आजच घेऊन या, ती म्हणाली. पिशवी भरून आणा.

आतड्याला सूज. स्टिरॉइडच्या गोळ्या, हळूहळू उतरवायच्या.
गळ्यातली ग्रंथी जवळजवळ विझलेली,
तिची गोळी आता रोज उपाशीपोटी, बहुधा कायमची.
आणि ते औषध थांबवलं, तूर्त.
तूर्त हा शब्द डॉक्टर दोनदा म्हणाले,
दोन्ही वेळा एन्सिओ खिडकीबाहेर बघत होता.
गाठीचं काय, ते पुढच्या मंगळवारच्या स्कॅननंतर.

स्टिरॉइड त्याला झोपू देत नाहीत.
पहाटे तीनला तो गळाची चाकं उघडून तेल घालतो,
लोणी लावून लावून भाकरी खातो.
माझ्याशी चार दिवस बोलला नाही.
कबूल करते, मीही माफी मागितली नाही.

काल रात्री तिसरी फळी वाजली.
पूर्ण पाय ठेवून, मुद्दाम वाजवल्यासारखी.
तो परत आला, पाठ करून पडला.
मी विचारलं, काय?
काही नाही.

बऱ्याच वेळाने, भिंतीकडे तोंड करून:
गुडघा. डावा.
परवापासून.

मी दिवा लावला,
वही शोधली.