ठोकून बघताना

फेब्रुवारीत, बाहेर कमरेइतका बर्फ असताना,
आउने रिन्तालाला सौनाच्या उंबऱ्यावर एक मुंगी दिसली.
काळी. करंगळीच्या नखाएवढी.
तिनं ती काड्यापेटीत घातली
आणि मला फोन केला: "हिला थंडी वाजत नाही का रे?"

या दिवसांत बाहेरून कुणी येत नाही, बाई, मी म्हटलं.
ती तुमच्याच घरात राहते.

सुपीरियर सरोवरावरून वारा सुटलेला.
माझी गाडी दोनदा रुतली.
ओट्यावर काड्यापेटी उघडून मी भिंग धरलं:
कंबर चिमटीत धरल्यासारखी,
पाठ एका कमानीत वळलेली,
मिशा कोपरात मोडलेल्या.
वाळवी नव्हे, सुतार मुंगी.
वाळवी लाकूड खाते.
ही खात नाही, फक्त जागा करते.
पोखरते, आणि निघालेला भुसा
दाराबाहेर आणून ओतते.

"भुसा?" आउने म्हणाली,
आणि बाकाखालून केरसुणी काढली.
दोन वर्षं ती रोज सकाळी
त्या कोपऱ्यातला चिमूटभर भुसा झाडत होती.
आर्व्होनंच बांधलेला सौना,
त्याच्याच करवतीचा असणार,
फळ्यांच्या फटींतून अजून गळतोय,
असं समजून.
झाडायची, पण टाकायची नाही.
कॉफीच्या डब्यात भरून ठेवलेला.

मी डबा कागदावर उपडा केला.
भुशात तुटके पाय होते, माशीचा एक पंख,
कुणाचं तरी रिकामं डोकं.
मी काही बोललो नाही.
तिनं चष्मा लावला.

मग मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भिंत ठोकत गेलो.
टक. टक. टक.
चिमणीपाशी आवाज बसला,
शिळ्या भाकरीवर मारावं तसा.
काचेचा पेला उलटा लावून कान टेकवला.
आत कुणीतरी गोळीचा कागद सोलत होतं,
सावकाश, कुणाला कळू नये म्हणून.

वर छपरावर, चिमणीच्या बुडाशी,
आर्व्होनं मारलेला पत्रा. सात खिळे.
आठव्याचं नुसतं भोक.
तिथून पाणी. पाण्यानं ओल. ओलीनं या.

"फवार आणि मोकळी कर मला," आउने म्हणाली.
फवारून भागत नाही, बाई.
ही नुसती शाखा, राणी कुठेतरी बाहेर.
आधी पत्रा बदला, सरपण भिंतीपासून हलवा,
आणि मे महिन्यात, रात्री दहानंतर,
टॉर्चला लाल कागद बांधून
त्या जातात तिकडे जा.

एकोणऐंशी वर्षांची बाई
चार रात्री रबरी बूट घालून बागेत ओणवी होती.
आकडे मला फोनवर सांगायची:
काल तेवीस, आज एकेचाळीस,
छपराला टेकलेल्या बर्च झाडाच्या फांदीवरून.
मी दिलेल्या विषारी मधाकडे
एकीनंही ढुंकून पाहिलं नाही.
पण मांजराच्या डब्यातल्या माशावर तुटून पडल्या.
बरोबर आहे, आत पिल्लं वाढत असणार.
मी आमिष बदललं.

पाचव्या रात्री वाट सापडली.
फांदीवरून खाली, शेडच्या मागे,
ज्या ओंडक्यावर आर्व्हो तीस वर्षं लाकडं फोडायचा
त्या ओंडक्यात.
फांदी तिनं मला कापू दिली.
ओंडक्याला हात लावू दिला नाही.
"आधी त्या खाऊन होऊ देत," म्हणाली.

खायला पाच आठवडे लागले.
जुलैत फोन आला: "तीन रात्री झाल्या. शून्य."

सडकी फळी उतरवायला मी गेलो तेव्हा
तिनं ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली.
दालनामागे दालन, कंगव्यासारखे पातळ पडदे,
कुठे कुसळ नाही, खरखर नाही.
तिनं आत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.
"रंधा," आउने म्हणाली,
"त्याला असा कधीच जमला नाही."