पसंतीक्रम

रात्री बारापर्यंत मुदत आहे म्हणतोस.
आत्ता साडेदहा.
ताट झाकून ठेवलंय
आणि तू लॅपटॉपवर चार कॉलेजं खालीवर करतोयस,
जशी मी मंडईत वांगी करते,
देठ बघून, परत ठेवून, परत तेच उचलून.

पहिलं मुंबईचं.
तिथं म्हणे कंपन्या स्वतः दारात येतात,
दुसऱ्या वर्षालाच पोरं हेरून ठेवतात.
दुसरं पुण्याचं : नाव आहे, वसतिगृह नाही.
तिसरंही पुण्याचंच : वसतिगृह आहे, नाव नाही.
चौथं विश्रामबागेतलं,
सायकलनं जायचं, दुपारी घरी जेवायला.
ते तू माझ्यासाठी घातलंयस.
कळतं मला.

मी विचारलं, हे इन्व्हेस्टमेंट बँकर नक्की करतात काय?
तू म्हणालास, एक कंपनी दुसरीला विकत घेते,
तेव्हा तिची किंमत आम्ही काढायची,
आणि सौदा होईतोवर बाहेर बोलायचं नाही.
म्हणजे हळदीचा सौदा, मी म्हटलं.
तुझे आजोबा यार्डात तोलार होते.
उपरण्याखाली दोन हात, बोटांनी बोटं दाबायची,
आणि वरून दोघंही आभाळाकडं बघतायत.
तू हसलास.
मग हसायचा थांबलास.
"जवळजवळ तेच," म्हणालास.

मीसुद्धा त्याच धंद्यातली, सम्मेद.
सतरा वर्षं पिग्मी गोळा करते.
गणपती पेठ, कापड पेठ, मग मारुती चौक,
कुणाचे दहा, कुणाचे वीस,
कुणाचं "उद्या या बाई".
नोटा हळदीच्या, तेलाच्या, ओल्या.
माझ्या पिशवीचं अस्तर तीनदा बदललं,
तरी वास जात नाही.

तू चौथीत होतास तेव्हा
आमची आधीची पतसंस्था बुडाली.
संचालकांच्या पाट्या रातोरात उतरल्या.
माझी पाटी नव्हतीच.
माझा चेहरा होता, रोज दुकानोदुकानी दाखवलेला.
कुणी शिव्या दिल्या. कुणी चप्पल काढली.
शेंगा विकणाऱ्या ऐनापुरे मावशी आपल्या दारात आल्या,
ओरडल्या नाहीत.
पासबुक पुढं धरलं आणि म्हणाल्या, वाच.
त्यांना वाचता येत नव्हतं.
मी वाचलं. पान उलटून उलटून,
अकरा हजार चारशेपर्यंत, शेवटच्या दहाच्या नोंदीपर्यंत.
तू आत पाढे म्हणत होतास, मोठ्यानं.
त्यानंतर माझ्या हातात काचेच्याच बांगड्या का,
ते तू कधी विचारलं नाहीस.
जाऊ दे.

एवढंच विचारते,
त्या मुंबईच्या कॉलेजात, कुठल्यातरी सेमिस्टरला,
किंमत चुकली तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं
हा विषय आहे का?
बघ ना तिथं, यादी असेल.

नाही?
नसणार. मी आपलं विचारलं.

फीचा आकडा तू खाली ठेवलायस,
पान वर सरकवल्याशिवाय दिसत नाही.
मघाशी तू पाणी प्यायला उठलास तेव्हा सरकवलं मी.
बघितला.
मुंबई राहू दे पहिली.
विश्रामबाग काढून टाक.
"असू दे गं, एखादं घरचं," तू म्हणतोस,
आणि मानेवरचा घाम पुसतोस, अगदी पप्पांसारखा.
बरं, ठेव.
पण चौथंच ठेव. वर आणलंस तर बघ.

अकरा सत्तेचाळीस.
माझा मोबाइल वाजला. फॉर्मला नंबर माझाच आहे.
सहा आकडे आलेत, थांब,
चष्मा... तुझ्या वहीखाली आहे, दे इकडं.
चार.
शून्य.
परत चार.
हळू लिही, घाई करू नकोस,
एक आकडा इकडचा तिकडं झाला की काय होतं
ते मला माहीत आहे.
नऊ. एक.
लिहिलंस?
सात.
बास. एवढेच आलेत.