एक्केचाळीस मिनिटं

पहिलं पत्र आलं ते बटाट्याच्या सालींबरोबर गेलं.
दुसऱ्यात लाल अक्षरं होती.
तिसरं थेट कोर्टाचं: प्रतिवादी, मेना प्रोदेरो,
गाडीच्या कागदावर नाव माझं म्हणून.
शंभर पौंड दंड, सत्तर वसुलीचे,
त्यावर व्याज, त्यावर फी,
पार्किंगच्या दोन तासांवर झालेल्या
एक्केचाळीस मिनिटांसाठी.

गाडी कोण चालवत होतं ते कळवा, असं चारदा विचारलं त्यांनी.
जन्मभर एमलिनला नावं ठेवली मी,
त्याच्या टोपीला, त्याच्या पाणचट चहाला,
पण यांना नाव सांगितलं नाही.
सांगायलाच हवं असं नाही, म्हणाली ग्रंथालयातली मुलगी,
आणि दहा पेन्सला एक पान
असा सगळा कायदा छापून दिला.

मग नोव्हेंबरात, पावणेपाचच्या काळोखात,
मी टेप घेऊन गेले रेक्समच्या त्या आवारात.
पाटी माझ्या डोक्याच्याही वर, हॉलीच्या झुडपात अर्धी बुडालेली.
"स्वागत आहे" वेल्शमध्ये, इंग्रजीत, तळहाताएवढं,
दंडाची रक्कम मोहरीएवढी.
पिझ्झा पोचवणाऱ्या पोरानं टॉर्च धरला.
"काकू, खून झालाय का इथं?"
"नाही रे," म्हटलं, "करार झालाय म्हणे."

त्यांच्या कॅमेऱ्यात दोनच फोटो:
दोन वाजून सात, आत.
चार अठ्ठेचाळीस, बाहेर.
मधलं कुणी टिपलं नव्हतं.

मधलं मला माहीत होतं.
हातात यकृताची पिशवी, ट्यूलिपचे कंद,
आणि तो रांगारांगांतून आमची हिरवी मॉरिस शोधत होता,
जी आम्ही एक्क्याण्णव साली विकली.
शेवटी ट्रॉल्या ढकलणाऱ्या मुलानं
त्याच्या हातातल्या किल्लीचं बटण दाबलं,
आणि एका करड्या गाडीनं डोळे मिचकावले.
पहिल्यांदा सांगताना तो हसत होता.
दुसऱ्यांदा हसला नाही.
तिसऱ्यांदा सांगितलं ते कुणा दुसऱ्याचीच गोष्ट असल्यासारखं:
"बिचारा म्हातारा," म्हणाला.

कोर्ट म्हणजे एक टेबल, पाण्याचा जग,
सर्दी झालेली न्यायाधीण, खोकल्याची गोळी गालात.
कंपनीचा वकील सकाळच्या गाडीनं मँचेस्टरहून आलेला,
फाइल वाटेतच उघडलेली, बुटाची एक नाडी सुटलेली.
पाटी वाचून गाडी लावली की करार झाला, तो म्हणाला.
आणि वाचून खाटकाच्या दुकानापर्यंत पुसलं गेलं तर?
हे माझ्या ओठांवर आलं होतं.
डॉक्टरांचं पत्रही पर्समध्ये होतं, दुमडलेलं.
मी टेपचा फोटो पुढे सरकवला.

तिनं चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.
"मला हे इथे बसूनही वाचता येत नाही," म्हणाली.
अकरा मिनिटांत दावा फेटाळला.
"आजचा तुमचा काही खर्च?"
"पार्किंगचे तीन पौंड वीस," मी म्हटलं,
आणि सगळे हसले, तो वकील सगळ्यात मोठ्यानं.

बाहेर बाकावर एमलिन, मांडीवर थर्मास.
"जिंकलीस?"
"पाटी छोटी होती."
"मी म्हणत होतोच," तो म्हणाला. तो काही म्हणाला नव्हता.

मी मुद्दाम मागे राहिले.
तो चालत गेला, एक रांग, दुसरी रांग,
आणि थांबला तो आमच्याच गाडीपाशी.
हात छतावर ठेवून वळला
आणि माझ्याकडे बघत राहिला,
उंचावरची पाटी वाचावी
तसे डोळे बारीक करून.
किल्ली माझ्या खिशात होती.
मी बटण लगेच दाबलं नाही.